जुन्या टेलिफोटो लेन्सचे फोटो दर रोलला मऊ येतात? लेन्स विकण्याआधी निगेटिव्ह वाचा

लक्षणं साधारण अशी असतात. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात १३५, २०० नाहीतर ३०० मिलिमीटरची जुनी लेन्स मिळते. काच उजेडात धरून पाहिली तर स्वच्छ, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरणारी, भावही पटणारा. रोल भरून आपण तळजाईच्या टेकडीवर किंवा कवडीपाटला पक्षी टिपायला जातो. रोल धुऊन येतो तेव्हा छत्तीसपैकी आठ-दहा फ्रेम छान असतात आणि बाकी सगळ्यांवर साय धरल्यासारखी. पुढच्या रोलला तेच, तिसऱ्यालाही तेच. शेवटी ‘लेन्सच सॉफ्ट आहे’ असा निकाल लागतो आणि लेन्स पुन्हा बाजारात जाते.

मी स्वतः अशी एक लेन्स विकली आहे. २०० मिलिमीटर, एफ/४ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं), एम४२ म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसवायच्या थ्रेडची. तिच्या जागी त्याच बनावटीची दुसरी घेतली, जास्त पैसे मोजून. तीही तशीच निघाली. तेव्हा कुठे लक्षात आलं की लेन्स बदलली, पण बॉडी, म्हणजे कॅमेरा, तीच, ट्रायपॉड तोच आणि माझी फोकस करायची पद्धतही तीच. पहिली लेन्स चांगली होती, हे आता मला पक्कं माहीत आहे. ती गेल्याचं आजही वाईट वाटतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी धरा. काचेतला दोष येऊन-जाऊन राहत नाही. भिंग तिरकं बसलं असेल, आत बुरशी असेल, चिकटवलेली दोन भिंगं सुटली असतील, तर त्याचा परिणाम त्याच अ‍ॅपर्चरला प्रत्येक फ्रेमवर दिसणार. एकाच रोलमध्ये, साधारण सारख्याच अ‍ॅपर्चरला, काही फ्रेम खणखणीत आणि काही मऊ असतील, तर बदलणारं कारण शोधायला हवं. बदलतं ते काय? शटर स्पीड, फोकस, हवा, वारा आणि आपला हात.

स्कॅन नव्हे, निगेटिव्ह

लॅबमधून आलेल्या फाइलवरून लेन्सची पारख करू नका. घाईत केलेल्या स्कॅनमध्ये पट्टी जराशी वाकलेली असते, आणि साधे फ्लॅटबेड स्कॅनर डब्यावर छापलेल्या आकड्याइतका बारीक तपशील काही उचलत नाहीत. एक सोपी खूण आहे. फाइल पूर्ण मोठी करून ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, बघा. ग्रेन कुरकुरीत आणि चित्र मऊ असेल, तर गडबड फोटो काढताना झाली. ग्रेनही विरघळल्यासारखी दिसत असेल, तर स्कॅनच फोकसमध्ये नाही, आणि लेन्सबद्दल तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही.

त्यानंतर निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून लूपनं, म्हणजे बारकावे बघायच्या छोट्या भिंगानं, बघा. लूप नसेल तर ५० मिलिमीटरची साधी लेन्स पूर्ण उघडून उलटी धरा, पाच पट मोठं दिसतं. २८ मिलिमीटरची उलटी धरली तर जवळपास नऊ पट. मी मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर निगेटिव्ह ठेवून, मध्ये दुधी प्लास्टिकचा तुकडा सारून बघतो. तो तुकडा नसेल तर स्क्रीनचे ठिपके दिसायला लागतात आणि डोळा फसतो.

मऊपणाचे प्रकार वेगवेगळे असतात

लूपखाली पहिल्यांदा बघायचं ते दिशेकडे. विजेची तार, खिडकीचे गज, गवताची पाती, असं काहीतरी आडवं आणि काहीतरी उभं एकाच फ्रेममध्ये शोधा. उभे गज धारदार पण आडवी तार जाड, दुहेरी दिसत असेल, तर कॅमेरा वर-खाली हलला. ही चूक फोकसची नाही, कारण फोकस चुकला की सगळ्याच दिशांना सारखं मऊ होतं. पाण्यावरची चमक, गाडीच्या आरशावरचा सूर्य, असा उजेडाचा बारीक ठिपका मिळाला तर आणखी सोपं. ठिपक्याची रेघ झाली असेल तर धक्का, गोल टिकली झाली असेल तर फोकस, आणि ठिपका धारदार असूनही भोवती धुकट वलय असेल तर काचेवरचा थर किंवा बुरशी.

दुसरं बघायचं ते ‘मग धारदार आहे तरी काय?’ हे. माझ्या जुन्या पट्ट्या काढून बसलो तेव्हा हाच प्रश्न सगळ्यात उपयोगी पडला. कवडीपाटच्या एका फ्रेममध्ये पाणकावळा मऊ होता, पण त्याच्या अलीकडच्या गवताची पाती न् पाती मोजता येत होती. आणखी चार फ्रेममध्ये तसंच, दरवेळी अलीकडचं धारदार. फोकसमधली माझी चूक असती तर ती कधी अलीकडे, कधी पलीकडे झाली असती. दरवेळी एकाच बाजूला होणारी चूक यंत्रातली असते.

फ्रेमची एकच कड किंवा एकच कोपरा नेहमी मऊ येत असेल, तर मात्र भिंग सरकलेलं किंवा माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) वाकलेलं असण्याची शक्यता खरी आहे. त्याची खातरजमा करायला कॅमेरा उलटा करून, म्हणजे डोक्यावर धरून, तीच सपाट भिंत पुन्हा टिपा. मऊ बाजू निगेटिव्हवर त्याच ठिकाणी राहिली तर दोष लेन्स-बॉडीत, आणि भिंतीच्या त्याच भागाबरोबर गेली तर तुम्ही भिंतीसमोर तिरके उभे होता.

आरशाचा धक्का

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशामार्गे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, शटर उघडण्याआधी आरसा वर आदळतो. त्या आदळण्यानं टेली लेन्स लावलेला अख्खा सांगाडा काही क्षण थरथरतो. एक सेकंदाच्या हजाराव्या भागाला शटर उघडून मिटलं तर थरथर चित्रात उतरायला वेळच मिळत नाही. दोन-चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये थरथरीचा वाटा इतका थोडा असतो की तो दिसत नाही. घात होतो तो मधल्या पट्ट्यात, साधारण १/४ पासून १/३० सेकंदापर्यंत, आणि लांब लेन्सला १/६० आणि १/१२५ सुद्धा सुरक्षित नसतात. गंमत म्हणजे ट्रायपॉड आहे म्हणून आपण नेमके हेच स्पीड बिनधास्त वापरतो.

तुमच्या बॉडीत आरसा आधी वर करायची सोय आहे का, ते बघा. निकॉरमॅट एफटीएनला त्यासाठी दांडी आहे, ऑलिंपस ओएम-१ ला बाजूला छोटी कळ आहे. निकॉन एफएम२ आणि एफई यांत सेल्फ-टायमर लावला की आरसा आधी वर जातो आणि शटर नंतर सुटतं, त्यामुळे टायमर हाच इलाज. पेंटॅक्स के१००० मध्ये यातलं काहीच नाही, सेल्फ-टायमरसुद्धा नाही. तिथे स्पीड वाढवणं किंवा टोपीची युक्ती, एवढंच हातात उरतं.

टोपीची युक्ती अशी. संध्याकाळी उजेड उतरल्यावर, कॅमेरा बीवर (कळ दाबून धरली तोवर शटर उघडं राहतं), केबल रिलीज, म्हणजे दुरून कळ दाबायची तार, लावलेली. लेन्ससमोर टोपीसारखा काळा पुठ्ठा धरा, लेन्सला अजिबात न टेकवता. शटर उघडा, मनात तीन अंक मोजा, पुठ्ठा बाजूला करा, दोन सेकंदांनी परत आणा, मग शटर मिटा. आरशाचा आणि शटरच्या पडद्याचा धक्का पुठ्ठ्यामागेच विरून जातो. ही फ्रेम धारदार आणि त्याच जागेवरून, त्याच फोकसला १/१५ ची फ्रेम मऊ आली, तर दोषी सापडला.

ट्रायपॉडबद्दल थोडं. लेन्सला स्वतःची कॉलर, म्हणजे ट्रायपॉडवर बसवायची कडी, नसेल तर सगळा भार बॉडीच्या एका स्क्रूवर लोंबकळतो. मधली नळी वर काढून उंची वाढवू नका. लेन्सच्या पुढच्या भागाखाली ज्वारी किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी दिली तर फरक लूपशिवायही दिसतो. आणि जमीन कसली आहे तेही बघा. मी सुरुवातीच्या चाचण्या एका मित्राच्या वाड्याच्या माडीवर केल्या होत्या. फळ्यांची जमीन, शेजारच्या खोलीत कुणी चाललं तरी हलणारी. त्या सगळ्या फ्रेम नंतर बाद धरल्या. हलक्या वाऱ्यातही लेन्सच्या तोंडावरचा लांब हूड शिडासारखा वागतो, तेव्हा चाचणीपुरता तो काढून ठेवा.

फोकस: डोळा, स्क्रीन आणि फिल्म

व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याला दिसतं ते आरशाच्या वरच्या स्क्रीनवरचं, म्हणजे दुधी काचेवरचं, चित्र. फोटो उमटतो तो फिल्मवर. लेन्सच्या माउंटपासून आरशामार्गे स्क्रीनपर्यंतचं अंतर आणि माउंटपासून थेट फिल्मपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असायला हवं. एम४२ मध्ये हे अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे, निकॉन एफ माउंटमध्ये ४६.५. चाळीस-पन्नास वर्षांच्या बॉडीत, दोन-तीनदा उघडून झाल्यावर, या दोन वाटांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक पडणं अगदी शक्य आहे.

दहावा भाग म्हणजे किती? एफ/४ ला फिल्मवर बिंदूऐवजी ०.०२५ मिलिमीटरची टिकली तयार होते. आठ पट एन्लार्जमेंटमध्ये तिची ०.२ मिलिमीटर होते, आणि एवढी डोळ्याला बोचते. हाच फरक एफ/११ ला ०.००९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अदृश्य. माझ्या रोलमधल्या ‘चांगल्या’ फ्रेमचं कोडं इथे सुटलं. रणरणत्या उन्हात एफ/११ ला काढलेल्या त्या चांगल्या, सकाळ-संध्याकाळी एफ/४ ला काढलेल्या त्या मऊ.

इथे आणखी एक गैरसमज दूर करतो. फिल्मच्या बाजूची ही चूक टेलीलाच जास्त भोवते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात टिकलीचा आकार फक्त एफ नंबरवर ठरतो. म्हणजे ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स पूर्ण उघडून वापरली तर तीच चूक टेलीच्या एफ/४ पेक्षा दुपटीहून मोठी दिसेल. तरीही ती लक्षात येत नाही, कारण नॉर्मल लेन्स आपण बहुतेकदा एफ/८ ला वापरतो. म्हणूनच पहिली तपासणी टेलीवर न करता नॉर्मल लेन्सवर करा. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवा, एक मीटरवरून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, एका ठरावीक आकड्यावर फोकस करून तीन फ्रेम काढा. ०.१ मिलिमीटरचा फरक असेल तर निगेटिव्हवर धारदार रेघ ठरवलेल्या आकड्यापासून साधारण तीन सेंटिमीटर सरकलेली दिसेल. २०० मिलिमीटरनं दहा मीटरवर तोच फरक पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास जातो.

रोल खर्च न करताही हे पाहता येतं, आणि मला ही पद्धत जास्त आवडते. फोटोफ्रेमवाल्याकडून ३२ बाय ५० मिलिमीटरचा काचेचा तुकडा कापून घ्या, कडा घासून घ्या. त्याच्या एका बाजूला दुधी, न चकाकणारी चिकटपट्टी पूर्णभर लावा. मागचं दार उघडून, दुधी बाजू लेन्सकडे करून, हा तुकडा फिल्मच्या आतल्या दोन रुळांवर टेकवा. बाहेरचे दोन रूळ फिल्म दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटसाठी असतात, त्यांच्यावर ठेवला तर मापच चुकेल. शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका. लेन्स पूर्ण उघडी, शटर बीवर, लॉक होणारी केबल रिलीज. दहा मीटरवर जमिनीवर तिरकी पसरलेली मोजपट्टी, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला जाड खूण. आधी व्ह्यूफाइंडरमधून मधल्या खुणेवर फोकस करा, मग शटर उघडून काचेवर लूपनं बघा की धारदार खूण तीच आहे का. दहा वेळा करा. एकदा केलेलं धरू नका, कारण आपला डोळाही दरवेळी थोडा इकडे-तिकडे होतो.

माझ्या बॉडीत दहापैकी नऊ वेळा धारदार खूण वीस ते तीस सेंटिमीटर अलीकडे आली. पाणकावळ्याच्या फ्रेमनी जे सांगितलं होतं तेच. बॉडी घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो.

“काका, स्क्रीन खाली बसल्यासारखी वाटतेय. वाट कमी भरतेय.”

त्यांनी वरचं उघडलं, चिमट्यानं स्क्रीन उचलली आणि म्हणाले, “खाली पितळी शिम, पातळ पट्टी, असतो, तो नाहीये. आधी कुणीतरी स्क्रीन पुसायला काढली असणार, तेव्हा पडला.”

त्यांच्याकडच्या डबीतून मापाचा शिम निघाला. काम अर्ध्या तासाचं होतं. त्याच्यापायी मी एक लेन्स गमावली आणि दोन हिवाळे घालवले.

स्क्रीन बदलता येणारी बॉडी असेल तर आणखी एक शक्यता आधी तपासा. स्क्रीन उलटी बसलेली असू शकते. खरखरीत बाजू आरशाकडे, म्हणजे खाली हवी. उलटी बसली की स्क्रीनच्या जाडीइतका फरक पडतो, आणि तो शिमच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा.

डोळ्याचंही बघायला हवं. बहुतेक जुन्या एसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचं चित्र साधारण एक मीटर अंतरावर असल्यासारखं दिसेल अशी रचना असते. चाळिशी लागलेल्या माणसानं वाचायचा चष्मा लावून त्यातून पाहिलं तर काहीच नीट दिसत नाही, आणि चष्म्याशिवायही अंधूक दिसतं. आधी स्क्रीनच्या मधल्या वर्तुळाची कड स्वच्छ दिसते का ते बघा. ती दिसत नसेल तर फोकस हा अंदाजच राहतो. आयपीसवर लावायचं डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबरचं, भिंग मिळालं तर घ्या. एफ/४ च्या टेलीला मधला स्प्लिट प्रिझम (फोकस चुकला की चित्र दोन तुकड्यांत दाखवणारं वर्तुळ) अर्धा काळा पडायला लागतो आणि एफ/५.६ ला तो निरुपयोगी होतो. तेव्हा भोवतालच्या साध्या दुधी भागावर फोकस करायची सवय लावून घ्या. रिंग धारेच्या पलीकडे न्या, अलीकडे आणा, मग मध्ये थांबा.

आणि टेलीची रिंग अनंताच्या खुणेला टेकवून ‘आता लांबचं सगळं फोकसमध्ये’ असं समजू नका. अनेक जुन्या टेली लेन्स त्या खुणेच्या थोड्या पुढेही जातात. पर्वतीवरून सिंहगडाचा टीव्ही टॉवर टिपायचा तरी स्क्रीनवर बघूनच फोकस करा. एम४२ ची लेन्स अडॅप्टर लावून पेंटॅक्सच्या के माउंटच्या बॉडीवर चढवत असाल तर उलट होतं. बाहेरून कडा असलेला स्वस्त अडॅप्टर लेन्सला जवळजवळ मिलिमीटरभर पुढे ढकलतो आणि लांबचं कधीच फोकसला येत नाही. पेंटॅक्सचा मूळ अडॅप्टर माउंटच्या आत बसतो, त्यात हा प्रश्न येत नाही.

पुण्याची हवा

ही गोष्ट आपण कायम विसरतो. लेन्स जितकी लांब तितकी मधल्या हवेची जाडी जास्त. पर्वतीवरून सिंहगड सरळ रेषेत सतरा किलोमीटरच्या आसपास आहे. एप्रिलच्या दुपारी त्या सतरा किलोमीटरमध्ये तापलेले पत्रे, डांबर, गच्च्या आणि धूळ असं सगळं येतं. हवा पाण्यासारखी हलते आणि एफ/८ ला, १/५०० ला, आरसा वर करूनही फ्रेम मऊच येते. लेन्सची चाचणी कधीही अशा अंतरावर करू नये. हिवाळ्यातल्या सकाळी शहरावर धुक्या-धुराचा थर बसलेला असतो, त्यात धार असली तरी कॉन्ट्रास्ट मरतो. लांबची दृश्यं टिपायला मला सगळ्यात जास्त आवडतात ते पावसाची जोरदार सर येऊन गेल्यानंतरचे एक-दोन तास. वेताळ टेकडीवर उभं राहिलं की डोंगरावरची झाडं सुटी सुटी दिसतात.

गच्चीवरून चाचणी करणाऱ्यांसाठी एवढंच, की दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ गरम वाफ सोडत राहतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरकावं.

एका रोलची चाचणी

माझी पद्धत सांगतो. २०० मिलिमीटर लेन्ससाठी भिंतीपासून फिल्मपर्यंत १०.४ मीटर अंतर घेतो. या अंतरावर चित्र बरोबर पन्नास पट लहान होतं, आणि हिशेब तोंडी जमतो. भिंतीवरचा १.२ बाय १.८ मीटरचा भाग अख्खी फ्रेम भरतो. लेसर प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्या रेघांचे गट छापून घेतो, आडवे आणि उभे दोन्ही. एक काळी आणि एक पांढरी मिळून २ मिलिमीटरची जोडी असेल तर फिल्मवर ती मिलिमीटरला २५ जोड्यांइतकी बारीक होते. १.२५ ची ४०, १ ची ५० आणि ०.८ ची ६२. असे पाच कागद, मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार. १३५ ला हेच अंतर सुमारे सात मीटर, ३०० ला १५.६ मीटर. सोसायटीचं पार्किंग पहाटे रिकामं असतं, तिथे हे जमतं, आणि तिथे हवाही हलत नाही.

कॅमेरा भिंतीला समांतर हवा. त्यासाठी भिंतीवर मधोमध छोटा आरसा सपाट चिकटवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये त्या आरशात तुमच्याच लेन्सचं तोंड दिसेपर्यंत कॅमेरा सरकवा. ते मध्यभागी आलं की समांतर झालात. मग आरसा काढा.

फिल्म १०० आयएसओची, कृष्णधवल. कोडॅकच्या माहितीपत्रकात त्यांच्या टी-मॅक्स १०० फिल्मसाठी दोन आकडे दिलेले आहेत. कॉन्ट्रास्ट प्रचंड असेल तर मिलिमीटरला २०० रेघा, कमी असेल तर ६३. प्रत्यक्ष जगात बहुतेक तपशील कमी कॉन्ट्रास्टचाच असतो, म्हणून ६३ हा आकडा डोक्यात ठेवा. ४०० आयएसओच्या फिल्मवर लेन्सची चाचणी करणं म्हणजे खडबडीत कागदावर पेनची निब तपासणं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि यावर मी अडून बसतो. पहिल्या गटात अ‍ॅपर्चर आणि आरसा दोन्ही कायम, फक्त फोकस बदलता. व्ह्यूफाइंडरला बरोबर वाटतो तिथे एक फ्रेम, मग रिंग केसभर अलीकडे, केसभर पलीकडे, प्रत्येक बाजूला दोन. मधली सोडून बाजूची फ्रेम सगळ्यात धारदार आली तर पुन्हा स्क्रीनच्या तपासणीकडे जा. दुसऱ्या गटात शटर स्पीड बदलायचा. यासाठी उन्हाळा सोडून इतर दिवसांत मोकळ्या गच्चीवर संध्याकाळी जातो आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ ला कायम ठेवतो. उजेड उतरत जातो तसा स्पीडही आपोआप १/१२५ वरून १/६०, १/३०, १/१५ वर येतो, आणि शेवटी टोपीची दोन सेकंदांची फ्रेम. एक्स्पोजर सारखं, अ‍ॅपर्चर सारखं, बदललं ते फक्त थरथरणं. तिसऱ्या गटात अ‍ॅपर्चर. इथे सगळ्या फ्रेम आरसा वर करून किंवा टोपीनं, म्हणजे धक्क्याचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक फ्रेमआधी भिंतीवर पाटीवर आकडे लिहून ठेवा. नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

कॅमेऱ्यात रोल दोन-चार दिवस एकाच फ्रेमवर पडून असेल, तर ती फ्रेम सोडून द्या. फिल्म रुळांमध्ये फुगते आणि पहिली फ्रेम विनाकारण मऊ येते.

निगेटिव्हवर मध्यभागी, एफ/५.६ ते एफ/८ ला, ४० ते ५० जोड्या सुट्या दिसल्या तर साठ-सत्तरच्या दशकातल्या लेन्सकडून मी समाधानी असतो. आठ बाय बाराच्या प्रिंटला एवढं पुरतं. कोपऱ्यात थोडं कमी चालेल, चारही कोपऱ्यांत सारखं कमी असेल तर. एफ/१६ च्या पुढे सगळ्याच लेन्स पुन्हा मऊ होतात. तो प्रकाशाचाच गुणधर्म आहे, त्याला दुरुस्ती नाही.

आणि लेन्सच दोषी असेल तर

आधी फिल्टर काढा. स्वस्त यूव्ही फिल्टरची काच दोन्ही बाजूंनी पुरेशी सपाट नसते. नॉर्मल लेन्सला ते खपून जातं, पण २०० आणि ३०० ला तेवढ्यानंच धार जाते. फिल्टरसह एक आणि फिल्टरविना एक, अशा दोन फ्रेम पुरेशा आहेत.

मग मागून टॉर्च लावून तिरक्या नजरेनं आत बघा. पुण्याच्या जून ते सप्टेंबरमध्ये चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी ती बुरशी आधी कॉन्ट्रास्ट खाते, धार नंतर जाते. ग्रीसची वाफ आतल्या भिंगावर बसून दुधी थर झाला असेल तर तो साफ होतो, आणि सफाईनंतर लेन्स ओळखू येत नाही इतका फरक पडतो. चिकटवलेली भिंगं सुटली असतील तर कडेला इंद्रधनुषी डाग दिसतो. त्याच्या दुरुस्तीचा खर्च लेन्सपेक्षा जास्त होतो. चामड्याची केस काढून टाका, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल वापरा.

आणि लेन्स स्वच्छ असूनही पूर्ण उघडी असताना काळ्या-पांढऱ्या कडेला मऊ झालर येत असेल, तर ती त्या काळच्या काचेची मर्यादा आहे. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकाच बिंदूवर आणणारी फ्लुओराइटची टेली कॅननने १९६९ मध्ये बाजारात आणली, ३०० मिलिमीटर एफ/५.६. आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक जुन्या लेन्स साध्या काचेच्या असतात. कृष्णधवल फिल्मवर चांगल्या प्रतीचा पिवळा-हिरवा फिल्टर लावून बघा. निळ्याची कड कापली जाते आणि त्याच लेन्सची धार एक पायरी वर चढते. माझ्या दुसऱ्या २०० ला मी आता हाच फिल्टर लावतो. शिम बसवल्यानंतरच्या पहिल्या रोलमध्ये, एफ/४ ला, मध्यभागी ४० ची जोडी सुटी दिसली, आणि कवडीपाटच्या फ्रेममध्ये गवत मऊ, पाणकावळ्याचा हिरवा डोळा धारदार.